शेताची उंची किती? नकाशाला विचारा, पण किती विश्वास ठेवायचा तेही जाणून घ्या

सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र असते, आकार असतो, पिकाची नोंद असते, विहीर असेल तर तीही असते. गट नकाशावर बांध असतात, शिव असते, वहिवाटीचा रस्ता असतो. पण आपली जमीन किती उंचीवर आहे, हे यांपैकी एकाही कागदावर लिहिलेले नसते. आणि पाणी तर क्षेत्र पाहत नाही, मालकही पाहत नाही. ते फक्त उंची पाहते. धरणाच्या काठावरून पाइपलाइन करायची असो, टेकडावर शेततळे घेऊन उताराने ठिबक चालवायचे असो, की ग्रामपंचायतीला पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची असो, पहिला प्रश्न एकच असतो. इथून तिथपर्यंत चढ किती?

पूर्वी याचे उत्तर गावातला एखादा जाणता माणूस नजरेने देई. "असेल शंभरेक फूट." आता तरुण मंडळी मोबाईल काढतात, शेतावर बोट ठेवतात आणि सांगतात, "साहेब, ४९५ मीटर दाखवतंय." आकडा नेमका दिसला की माणसाचा विश्वास बसतो आणि त्या भरवशावर मोटार घेतली जाते, पाइप घेतले जातात, सोसायटीचे नाहीतर सावकाराचे कर्ज उचलले जाते. म्हणून हा आकडा येतो कुठून आणि कोणत्या कामाला चालतो, ते एकदा नीट पाहून घेऊ. उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या माहितीचा जायकवाडीचा नाथसागर घेतला आहे. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांत त्याच्या पाणफुगवट्याच्या काठाने उपसा करणारे शेतकरी पुष्कळ आहेत.

उंची मोजायची कुठून?

जायकवाडी धरण भरले की वर्तमानपत्रात "पाणीपातळी १५२२ फूट" असे छापून येते. याचा अर्थ धरणात १५२२ फूट खोल पाणी आहे असा नव्हे. तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे. मीटरमध्ये तो ४६३.९०६ होतो. उलट कोल्हापूरकडच्या बातम्यांत राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट अशी येते. हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत, समुद्राशी त्यांचा थेट संबंध नाही. पुराच्या वेळी ४३ फुटांची तुलना कोणी मोबाईलवरच्या मीटरशी करू लागला तर सगळाच घोटाळा. म्हणून गावच्या अधिकाऱ्यांनी कोणताही उंचीचा आकडा वहीत लिहिताना तो कशापासूनचा, हे शेजारी लिहायलाच हवे.

समुद्रसपाटी म्हणजे तरी काय? समुद्र रोज वर-खाली होतो. वेगवेगळ्या बंदरांवर भरती-ओहोटीची वर्षानुवर्षे मोजणी करून सरासरी काढली गेली आणि तिच्याशी जोडून देशभर लेव्हलच्या रांगा नेल्या गेल्या. त्या कामाचा हिशेब १९०९ साली जुळवला गेला. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे हे काम. त्याच्या खुणा जुने पूल, सरकारी इमारती, रस्त्याकडेचे दगड अशा ठिकाणी कोरलेल्या सापडतात. त्यांना बेंचमार्क म्हणतात. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीही आपल्या कामाची. गावातला असा दगड कोणाच्या कंपाउंडात गेला असेल किंवा रस्ता रुंद करताना उखडला जाणार असेल, तर सरपंचांनी आणि ज्यांना आपण अजून तलाठी भाऊसाहेबच म्हणतो त्यांनी त्यात लक्ष घालावे. एकदा हललेला बेंचमार्क नसल्यापेक्षा वाईट, कारण लोक त्याच्यावर विश्वास ठेवत राहतात.

टोपोशीट वाचायची कशी

उंची सांगणारा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे सर्वेक्षण विभागाची टोपोशीट. १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर, हे तिचे नेहमीचे प्रमाण. पैठण-शेवगावचा भाग ४७ एम या क्रमांकात येतो, नेवाशाचा ४७ आय मध्ये. २०१७ सालापासून ओपन सिरीजचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येऊ लागले. त्यांचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत एवढेच.

नकाशावर तपकिरी रंगाच्या वळणावळणाच्या रेषा दिसतात. त्याच कंटूर म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणे एकाच उंचीची. आपल्याकडच्या शीटवर साधारणपणे दर २० मीटरला एक रेषा असते आणि दर पाचवी रेषा जाड असते. रेषा दाट तिथे चढ खडा, रेषा विरळ तिथे जमीन सपाट. ओढ्यावर ही रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारखी मुरडते आणि त्या व्हीचे टोक ओढ्याच्या उगमाकडे असते. एवढे लक्षात ठेवले तर पाणी कुठून कुठे जाते ते घरबसल्या कळते.

आता दोन रेषांच्या मध्ये आपले शेत असेल तर? समजा एक रेषा ४८० ची आणि दुसरी ५०० ची. शेतातून जाईल अशी पट्टी दोन्ही रेषांवर काटकोनात धरा. दोन रेषांतले अंतर ८ मिलिमीटर आले आणि ४८० च्या रेषेपासून शेत ६ मिलिमीटरवर आले. मग २० मीटरचे सहा-अष्टमांश म्हणजे १५ मीटर. शेताची उंची अंदाजे ४९५. हिशेब पोरगाही करील. पण यात आपण धरून चाललो आहोत की ४८० पासून ५०० पर्यंत जमीन एकसारखी चढते. प्रत्यक्षात मध्ये एखादा टप्पा असतो, पडीक खडकाचा उंचवटा असतो, नाहीतर खोलगट असते. म्हणून अशा आकड्याला १० मीटर इकडे-तिकडे सूट ठेवावी. गोदाकाठच्या काळ्या सपाट रानात तर दोन रेषांत किलोमीटरचे अंतर पडते. तिथे टोपोशीट जवळजवळ मुकी होते. अशा वेळी नकाशावर टिंब देऊन लिहिलेले सुटे आकडे शोधावेत, ते त्या जागेचे मोजलेले असतात. त्रिकोण दिसला तर ती सर्वेक्षणाची खूण समजावी. मात्र तळ्याच्या बांधाजवळ किंवा नदीच्या दरडीजवळ छोट्या आकड्यापुढे इंग्रजी आर अक्षर असेल, तर ती समुद्रापासूनची उंची नाही. तो बांध किंवा ती दरड भोवतालच्या जमिनीपेक्षा किती उंच आहे, एवढेच तो सांगतो.

जुनी एक इंच एक मैल प्रमाणाची शीट कोणाकडे असेल तर ती टाकून देऊ नका. तिच्यावर रेषा ५० फुटांच्या असतात, म्हणजे मीटरच्या शीटपेक्षा थोड्या दाट. शिवाय धरणाआधीची शीट असेल तर नाथसागराखाली गेलेली गावे, वाटा, ओढे तिच्यावर जागच्या जागी दिसतात. फक्त फूट आणि मीटर यांची गल्लत नको. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट.

उपग्रहाचा आकडा

मोबाईलवर किंवा संगणकावर नकाशात जो उंचीचा आकडा येतो, तो कोणी तुमच्या शेतात येऊन मोजलेला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीचा बहुतेक भाग मोजला. या मोहिमेला एसआरटीएम म्हणतात. आपल्या इस्रोने मे २००५ मध्ये कार्टोसॅट-१ सोडला. त्याच्या दोन कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून देशाचा उंचीचा नकाशा तयार झाला, तो भुवन या संकेतस्थळावर मिळतो. जगभरचे बरेच नकाशे अशाच माहितीवर उभे आहेत.

या माहितीत जमिनीचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची दिलेली असते. चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा असेल तर तो ९०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास ९ गुंठ्यांना मिळून एक आकडा. एसआरटीएमची माहिती आपल्या भागासाठी आधी ९० मीटरच्या चौकोनात मिळत असे, म्हणजे दोन एकरांना एक आकडा! ३० मीटरची माहिती २०१४ पासून खुली होऊ लागली. त्या ९ गुंठ्यांत तुमचा बांध असेल, चारी असेल, विहिरीचा ढीग असेल, सगळे एकात मिसळले. बोट सरकवले की आकडा मीटर-मीटरने बदलताना दिसतो, तो दोन चौकोनांच्या मधला हिशेब संगणक करतो म्हणून. ती मोजणी नव्हे.

दुसरी गोष्ट, वरून पाहणाऱ्याला जमीन दिसत नाही, जमिनीवर जे उभे आहे ते दिसते. आमराई असेल तर झाडांचे शेंडे, गावठाण असेल तर घरांची छपरे. धरणावर तर पाण्याचा पृष्ठभागच. म्हणून गाळपेर करणाऱ्यांनी नाथसागराच्या पोटातली उंची उपग्रहाच्या नकाशावर शोधू नये. तिथे सपाट पाटासारखा एकच आकडा दिसेल, तो मोजणीच्या वेळच्या पाण्याचा. त्यासाठी धरणाआधीची शीटच हवी.

चूक किती धरायची? एसआरटीएमची मोहीम आखताना १६ मीटरपर्यंतची चूक चालेल असे ठरवले होते, कार्टोसॅटच्या नकाशासाठी ८ मीटर. उघड्या माळावर चूक बरीच कमी निघते, डोंगरकपारीत वाढते. आता २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत सपाट भागासाठी २५ सेंटिमीटर अचूकतेच्या उंचीच्या नकाशाचे उद्दिष्ट ठेवले आहे. तो हाती येईल तेव्हा या लेखातला बराच भाग बदलावा लागेल आणि ते बरेच होईल.

एक गोष्ट मात्र उपग्रहाच्या बाजूने सांगायला हवी. एकाच नकाशावरच्या जवळपासच्या दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक हा त्या प्रत्येक उंचीपेक्षा जास्त विश्वासू असतो. नकाशाच पाच मीटर वर बसला असेल तर दोन्ही ठिकाणे वर बसतील, फरक तोच राहील. आपल्याला हवा असतो तोही फरकच. म्हणून काठाची उंची एका नकाशावरून आणि शेताची दुसऱ्यावरून, असे कधी करू नये.

मोबाईलचे जीपीएस ही आणखी निराळी भानगड

नकाशावर बोट ठेवून येणारा आकडा वेगळा आणि शेतात उभे राहून जीपीएसने काढलेला वेगळा. जीपीएसचे सगळे उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे जागा जितकी बरोबर सापडते तितकी उंची सापडत नाही. त्यातून जीपीएस उंची मोजते ती समुद्रापासून नव्हे, तर पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून. खरा समुद्र त्या आकाराशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो त्याच्या शंभर मीटरहूनही खाली आहे आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पट्ट्यात साठ मीटरहून अधिक. काही ॲप हा फरक आपोआप दुरुस्त करतात, काही करत नाहीत. न करणारे ॲप गिरगाव चौपाटीवर उभ्या माणसाला उणे साठ दाखवील!

आपल्या मोबाईलची परीक्षा घ्यायला नाथसागरासारखी जागा नाही. वारा नसताना साठलेले पाणी म्हणजे निसर्गाने आखून दिलेली समोच्च रेषाच. धरण १५२२ फुटांवर असेल त्या दिवशी पाण्याच्या कडेला कुठेही उभे राहा, तुमचे पाय ४६३.९ मीटरवर आहेत. वरच्या अंगाला, जिथे नदीचे वाहते पाणी आत शिरते, तेवढी जागा सोडा. मोबाईलने ४६० ते ४६८ च्या दरम्यान दाखवले तर तो समुद्रापासून मोजतो आहे. ४०० च्या आगेमागे दाखवले तर गणिती आकारापासून. धरण भरलेले नसले तरी हरकत नाही, त्या दिवशीची पातळी पेपरात येतेच.

अक्षांश-रेखांश लिहून घेतानाही जपावे. मोबाईलवरचे १९.५० म्हणजे १९ अंश ५० मिनिटे नव्हे, १९ अंश ३० मिनिटे. ही २० मिनिटांची चूक जमिनीवर सुमारे ३७ किलोमीटरची होते. पैठणचे शेत उंची दाखवील तिसऱ्याच तालुक्याची.

काही मोबाईलमध्ये हवेच्या दाबावरून उंची सांगणारे यंत्र असते. काठापासून शेतापर्यंत चालत जाऊन पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही आकडे घेतले तर फरक ठीक येतो. पण सकाळी काठावर आणि दुपारी शेतात असे केले तर फुकट, कारण आपल्याकडे हवेचा दाब दिवसाभरात स्वतःच इतका हलतो की २५-३० मीटरचा खोटा चढ दिसू शकतो.

आता मोटारीचा हिशेब

समजा नकाशावरून शेत ४९५ मीटरवर आले. श्रावणात धरण तुडुंब आहे, पाणी ४६३.९ वर. चढ झाला ३१.१ मीटर. पाइपात घर्षणाने जाणारे ८ मीटर धरले तर हेड ३९.१. सेकंदाला ५ लिटर पाणी हवे असेल तर ५ गुणिले ३९.१ भागिले ७५, म्हणजे २.६ अश्वशक्ती नुसत्या पाण्याला. पंप-मोटारीची मिळून कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर ४.७. दुकानदार म्हणेल, पाचची घ्या. बरोबरच आहे.

पण पाणी लागते ते श्रावणात नव्हे, चैत्र-वैशाखात. समजा तेव्हा धरण १५०० फुटांवर उतरले, म्हणजे ४५७.२ मीटर. चढ झाला ३७.८. काठ मागे हटल्यामुळे मोटार पुढे सरकवली, पाइप वाढला, घर्षण १० मीटर झाले. हेड ४७.८. त्याच पाच लिटरला आता ५.८ अश्वशक्ती लागते. पाचची मोटार फिरेल, आवाज करील, पण वर पाणी निम्म्या धारेने येईल नाहीतर येणारच नाही. साडेसातची हवी होती. शेताच्या उंचीत नकाशाची आठ-दहा मीटरची चूक असेल तर श्रावणातल्या हिशेबातसुद्धा पाचची मोटार अपुरी ठरते.

पाइपाचेही तेच. १० मीटर उभे पाणी म्हणजे साधारण १ किलोचा दाब. ४७.८ मीटरला ४.८ किलो. मोटारीजवळ चार किलोचा पाइप घातला तर तो फाटणार, तिथे सहा किलोचाच हवा, आणि वीज गेल्यावर उलटे आदळणारे पाणी धरून त्याहून थोडी सूट हवी. चढावर जसजसे वर जाल तसा दाब उतरतो, तिथे चार किलोचा चालतो. उंची नीट काढली तर पैसा असा वाचतोसुद्धा. धरणातून उपसा करायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते, ती आधी काढावी हे वेगळे सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे असे. टोपोशीट आणि उपग्रह यांच्या आकड्यांवरून योजना जमण्यासारखी आहे की नाही ते ठरवावे, दोन-तीन मार्गांतला कमी चढाचा निवडावा, खर्चाचा अंदाज बांधावा. दोन्ही आकडे पाच मीटरच्या आत जुळले तर उत्तम, पंधराने चुकले तर कुठेतरी जागाच चुकली आहे असे समजून पुन्हा पाहावे. पण पाइपाची ऑर्डर देण्याआधी एक दिवस लेव्हल लावून घ्यावी. तालुक्याच्या गावी ऑटो लेव्हल आणि स्टाफ घेऊन काम करणारी डिप्लोमावाली मुले मिळतात. त्यांची एका दिवसाची मजुरी दोन-चार पाइपांच्या पुढे जात नाही.

शेततळ्याची जागा निवडतानाही हेच. ठिबकला साधारण एक किलो दाब लागतो, म्हणजे तळे शेतापेक्षा १० मीटर वर हवे. नकाशावर २५ मीटर दिसत असेल तर निर्धास्त पुढे जा. १२ दिसत असेल तर लेव्हल लावल्याखेरीज कुदळ मारू नका.

आणि समतल चराचे काम मात्र नकाशावरून कधीच आखू नये, उपग्रहावरून तर नाहीच. तिथे प्रश्न मीटरचा नसतो, वितीचा असतो. चर एका टोकाला वीतभर खाली गेला की सगळे पाणी त्या टोकाला धावते आणि पहिल्याच वळवाला चर फुटून ओघळ पडते. तिथे साधा हायड्रोमार्कर हवा. दोन काठ्या, मध्ये पारदर्शक नळी, नळीत पाणी. २०१६ पासून वॉटर कपच्या निमित्ताने गावोगावच्या पोरापोरींनी तो हाताळलेला आहे, एखाद्याच्या माळ्यावर पडलेलाही असेल. काढल्यावर नळी कुठे तडकली नाही ना ते पाहा, पाणी हळूहळू भरा आणि आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर नळी झटकून तो आधी बाहेर काढा. बुडबुडा राहिला की दोन्हीकडचे पाणी एका रेषेत उभे राहत नाही.